शेळीचोराची भूमिका

गुन्हेगारी सिनेमांत सगळ्यांत आधी पकडला जातो तो माणूस मी. खून करणारा वेगळा, कट रचणारा वेगळा. मी त्यांच्यामागे पिशवी धरून उभा असतो, पोलीस दिसले की भलत्याच दिशेला पळतो आणि भिंतीवर आपटतो. लोक हसतात आणि गोष्ट पुढे सरकते. चौदा वर्षांत मी पाकीटमार झालो, खबरी झालो, चोरीचा माल घेणारा भंगारवाला झालो. मध्यंतरानंतर मी बहुधा दिसत नाही.

त्याआधी मी नाशिकलाच सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत एकदा चोराचं काम केलं. घर फोडायला येतो आणि मालकाच्या पलंगावर झोपून जातो, असा चोर. ते बघून मुंबईच्या कुणीतरी बोलावलं. पुढे कारखाना बंद पडला, चोऱ्या सुरू राहिल्या.

या कामाचा एक त्रास आहे. लोकांना माझा चेहरा ओळखीचा वाटतो, पण कुठला ते आठवत नाही. हा माणूस काहीतरी उचलत होता, एवढंच आठवतं. सराफाच्या दुकानात माझ्या बायकोला कानातले दाखवणारा नोकर माझ्याकडे बघता बघता ट्रे आपल्याकडे ओढतो. सोसायटीच्या पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा अध्यक्ष आमच्याकडे चहाला आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. चहा पिताना त्यांची नजर आमच्या गॅलरीत फिरत होती. ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, आता एखादा डॉक्टर करा बघू. शाळेत बाकीच्या शिक्षिका मला विचारतात, हे घरी कसे असतात म्हणून."

गेल्या वर्षी मला शेळीचोराची भूमिका मिळाली. अकरा प्रसंग होते. इतकं मोठं काम मला कधीच मिळालं नव्हतं. दिग्दर्शकाने फोनवर एकच सांगितलं, "शहरी माणूस वाटता कामा नये." मी आयुष्यात शेळीला हात लावला नव्हता. म्हणून गाडी घरीच ठेवून, त्र्यंबकवरून पुढे जाणारी बस पकडून मी हरसूलच्या आठवडी बाजारात गेलो.

सुकट-बोंबलाच्या ओळीपलीकडे शेळ्यांचा बाजार होता. एक पन्नाशीची बाई दोन शेळ्या घेऊन बसली होती. मी त्यातल्या काळ्या शेळीचा भाव विचारला, दुसऱ्यांचं बघून तिचे दात बघितले, मग "उचलून बघू का?" म्हणालो.

"घ्यायची हाय का?" बाईने विचारलं.

"बघतो," म्हणून मी शेळी उचलली, ठेवली, चक्कर मारून आलो, पुन्हा भाव विचारला. मग लांब झाडाखाली उभा राहून शेळ्यांकडे आणि माणसांकडे बघत राहिलो. चोर कुठे उभा राहील, कुणाची पाठ वळण्याची वाट बघेल, ते वहीत लिहून घेतलं. एका ओळखीच्या नटाचा फोन आला. आम्ही दोघांनी स्पर्धेच्या नाटकांत एकत्र कामं केलेली. त्याला मी खुशीत सगळं सांगितलं. त्याने दिग्दर्शकाचं नाव विचारलं. तेही सांगितलं.

पुढचे आठ दिवस सिनेमावाल्यांचा फोन आला नाही. तारखा सांभाळणारा मुलगा आधी "उद्या सांगतो सर" म्हणायचा, मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण वहीत शेळी उचलण्याची रीत नीट उतरली नव्हती, म्हणून पुढच्या बाजाराला मी पुन्हा हरसूलला गेलो.

त्या बाईने मला लांबूनच बघितलं. ती उठली, सरळ चालत आली आणि माझ्या पिशवीचा पट्टा तिने मुठीत धरला.

"ह्योच तो," ती आजूबाजूच्यांना म्हणाली. "मागल्या बाजाराला माझ्या शेळीचे दात बघितले, उचलून बघितली, भाव दोनदा इचारला. घेतली नाय. अन् दुपारी शेळी गायब."

"मावशी, मी नट आहे," मी म्हणालो.

"मंग?"

"सिनेमात शेळी चोरायचं काम आहे माझं. ते शिकायला आलो होतो."

बोलून गेल्यावर मला कळलं आपण काय बोललो. "सोताच कबूल झाला," असं मागून कुणीतरी म्हणालं.

बाजाराच्या टोकाला पोलीस चौकी होती. तिशीतला हवालदार माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "तुम्हाला कुठंतरी बघितलंय." हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. पोलिसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मी घाईघाईने मोबाइलवर माझ्या एका सिनेमाचा तुकडा शोधून दिला. यात्रेत मी एका जाड्या माणसाचं पाकीट मारतो, तो प्रसंग. हवालदार हसला नाही. त्याने मोबाइल बाईच्या हातात दिला. तिने शेवटपर्यंत बघितलं.

"चोरतोयच की," ती म्हणाली.

"मावशी, सिनेमा आहे तो."

"मला कळतोय सिनेमा. पर हात बघा त्याचा. सवय असल्याबिगर असा हात चालत नाय."

चौदा वर्षांत माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला ते नको होतं.

हवालदाराने माझी वही मागितली. एकेक पान उलटत तो वाचू लागला. "आधी तोंड दाबायचं, मग मागचे पाय," त्याने मोठ्याने वाचलं. "बाजार मोडताना कुणी बघत नाही." मग मान वर केली. "सिनेमातल्या कुणाचा तरी नंबर सांगा."

मी तारखा सांभाळणाऱ्याचा नंबर दिला. हवालदाराने स्वतःच्या मोबाइलवरून लावला आणि आवाज मोठा केला. अनोळखी नंबर होता, म्हणून पहिल्याच रिंगला उचलला गेला. हवालदाराने माझं नाव सांगून ओळखतोस का विचारलं.

"हो हो, ओळखतो की," पोरगं म्हणालं. "नटच आहेत, चांगले आहेत. पण आमच्या सिनेमात नाहीत ते. तो रोल दुसऱ्याला गेला, आठ दिवस झाले. त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

हवालदाराने माझ्याकडे बघितलं.

"तूच सांगायचं होतंस," मी मोबाइलकडे तोंड करून म्हणालो.

"सर? तुम्ही तिथेच आहात का? मी उद्या करणारच होतो फोन..."

हवालदाराने फोन बंद केला आणि वही मला परत दिली. "काय झालं?" बाईने विचारलं.

"यांचं काम गेलं," तो म्हणाला. "सिनेमातलं."

"कुणी नेलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने पहिल्यांदा पट्टा सोडला. "मंग माझ्यागतच झालं तुझं," ती म्हणाली, आणि तरीही माझी पिशवी उघडून आत बघितलं. डबा होता, पाण्याची बाटली होती. तिने पिशवी पुन्हा माझ्या खांद्याला लावली.

परतीच्या बसमध्ये मी एकच हिशेब करत होतो. भूमिकेबद्दल मी कुणाला सांगितलं? बाजारात फोन आलेल्या त्या नट मित्राला, एकट्यालाच. दिग्दर्शकाचं नाव कुणी विचारलं? त्यानेच. नाशिक येईपर्यंत माझी खात्री झाली. त्या आठवड्यात त्याचे सात-आठ फोन आले. मी एकही घेतला नाही. बायको म्हणाली, "विचारून तरी बघा." मी म्हणालो, "काय विचारायचं? चोर कधी सांगतो का?"

पंधरा दिवसांनी हवालदाराचा फोन आला. शेळी सापडली होती. पेठकडच्या एका व्यापाऱ्याच्या जीपमध्ये ती बाकीच्या शेळ्यांसोबत चढली होती. तिला कुणी चढवलं ते कुणी कबूल करत नव्हतं. "मावशी म्हणाल्या, त्या माणसाला कळवा," तो म्हणाला.

त्याच सुमारास सिनेमाची जाहिरात आली. शेळीचोर माझा मित्र नव्हता, मुंबईचा एक नट होता. मित्राने त्याचं नावही ऐकलं नसेल. मी संध्याकाळी मित्राच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली होती.

"फोन करत होतो तुला," तो म्हणाला. "आई पडली होती, तिला उचलून दवाखान्यात न्यायचं होतं. गाडी हवी होती तुझी."

मी खोटं बोलू शकलो असतो, तसं बोलणं माझ्या पोटापाण्याचंच आहे. पण मला जे वाटलं होतं ते सगळं मी त्याला सांगितलं, दिग्दर्शकाच्या नावासकट. तो उंबऱ्यातच उभा राहून ऐकत होता.

"नाव यासाठी विचारलं की तो दिग्दर्शक पैसे बुडवतो असं ऐकलेलं... जाऊ दे," तो म्हणाला. "खात्री करून सावध करणार होतो तुला."

आत खाटेवर त्याची आई पडली होती, पायाला प्लॅस्टर. त्याने मला आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. खिशातून औषधांची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी गाडी काढली आणि कॉलेज रोडच्या औषधाच्या दुकानाकडे निघालो.