बाराची घंटा आणि वेन्डेलची टोपी

आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे मोकळी होते. वेन्डेलला मी पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हा मला वाटलं हा मेला माझ्यावर लाइन मारतोय.

हसू नका. मी वीस वर्षांची, केचकेमेटच्या सपाट मैदानातून नवी नवरी होऊन इथे तिहॉन्यला, बालातोन तळ्याकाठच्या टेकडीवरच्या गावात आलेली. टेकडी म्हणजे काय ते माहीत नाही. रोज सकाळी मी तळ्याकाठी कपडे धुवायला उतरायची, आणि मठापलीकडच्या टेकडीवर एक लांबलचक पोरगा उभा राहून टोपी हलवायचा. कधी डाव्या हातात, कधी उजव्या. म्हटलं, काय हा आगाऊपणा! तीन दिवस मी मान फिरवली. चौथ्या दिवशी लाल ठिपक्यांचा रुमाल बांधून गेले आणि मीही जरासा हात हलवला. पाचव्या दिवशी दोन्ही हलवले. सहाव्या दिवशी होडीतून सासरे केकाटले, "अगं ए सूनबाई! हात खाली कर! त्याचं बघायचं की तुझं?"

वेन्डेल मासे बघत होता, बाई. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं. चाळीस वर्षांनी विचारलं, तर म्हणतो, "तू होतीस का तिथे?"

आमच्याकडे तेव्हा चंदेरी गार्दा मासा थव्याने यायचा. होडीत बसून तो दिसत नाही, उंचावरून दिसतो. म्हणून टेकडीवर एक माणूस उभा करायचा. त्याला पाण्याच्या रंगावरून कळायचं, थवा कुठे आहे, किती मोठा आहे, कुठे वळणार आहे. टोपी डाव्या हातात घेतली की होड्या डावीकडे, म्हणजे फ्युरेद गावाच्या अंगाला. उजव्या हातात घेतली की उजवीकडे, पलीकडच्या सिओफोक गावाच्या अंगाला. टोपी परत डोक्यावर गेली की टाका रापण, म्हणजे ते लांबलचक जाळं, आणि ओढा. वेन्डेलचा बाप हेच करायचा, आजाही हेच. आणि गंमत सांगते, हा पठ्ठ्या स्वतः होडीत बसला की पाच मिनिटांत पिवळा पडतो. एकदा धक्क्याला बांधलेल्या होडीत बसून ओकला होता.

पुढे गार्दा कमी झाला, रापणी बंद पडल्या. वेन्डेल मठाच्या लव्हेंडरच्या वाफ्यांत खुरपणी करायला लागला. पण टेकडी सुटली नाही. रोज जाऊन बसायचा. मी विचारायची, "आता काय बघतोस रे, मासे तर गेले?" तर म्हणायचा, "वारा बघतो. तोही थव्यानेच येतो, फक्त पाण्याच्या वरून."

मला वाटायचं, म्हातारा झाला, बडबडतो. मला त्याच्याबद्दल जे जे वाटलं ते सगळं चुकलंच म्हणा.

त्याची नात शारोल्टा. दात पडायच्या आधीपासून शिडाच्या होडीत. ही काही फिरायची होडी नव्हे बरं का. तिघांची असते, पोटाखाली लोखंडाचा जड कणा, आणि तिघंही कडेवरून बाहेर असे लोंबकळतात की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. तर त्या वर्षी या होड्यांची जागतिक स्पर्धा आमच्या बालातोन तळ्यावर आली. एकतीस होड्या, कुठल्या कुठल्या देशांच्या. आमच्या देशाच्या होडीचं सुकाणू शारोल्टाच्या हातात, पुढे दोन पोरं. आमच्या गावातली पोरगी, जगाच्या स्पर्धेत! मी शिडाच्या होड्यांच्या क्लबात स्वयंपाकाला होते, मला तर आठवडाभर फरशीला पाय लागले नाहीत.

शेवटच्या दिवसापर्यंत हिशोब असा झाला, की शारोल्टा शेवटच्या शर्यतीत आठव्याच्या आत आली तर तिसऱ्या नंबरचं पदक तिचं. नाही आली तर ते डेन्मार्कच्या प्रेबेनचं. हा प्रेबेन म्हणजे ताडासारखा उंच, केस वाळल्या गवतासारखे, आणि मनाने चांगला. माझ्या माशाच्या रश्शाचे तीन वाडगे खाल्ले त्याने. म्हणूनच तर माझी जीभ सैल सुटली ना! आदल्या संध्याकाळी, माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, मी त्याला सगळं रंगवून सांगितलं. वेन्डेल कसा टेकडीवर उभा राहायचा, टोपी अशी धरली की होड्या इकडे, तशी धरली की तिकडे. पळी हातात घेऊन करून दाखवलं. पोरगा डोळे मोठे करून ऐकत होता. मला वाटलं, रस्सा आवडला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक उरकून मी टेकडीवर गेले. वेन्डेल गवतात बसलेला. खाली होड्या टेकडीपासून निघून दूरच्या बोयाकडे, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेकडे चाललेल्या, वारा समोरून. एकतीस शिडं, जसे कोणी पाण्यावर कागद फाडून टाकलेले. शारोल्टा चौथी होती.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"फ्युरेदकडून वारा येतोय," तो म्हणाला. "दाट आहे. दहा मिनिटांत पोचेल."

मी डोळे फाडून बघितलं. पाणी. नुसतं हिरवं पाणी.

"कुठे रे?"

"ते काळपट दिसतंय ना, पाठीवर केस उभे राहिल्यासारखं?"

मला काही दिसेना. पण तो म्हणाला तसं घडायला लागलं. म्हणाला, "आता ती निळी होडी थांबेल," की निळ्या होडीचं शीड लुळं पडायचं. म्हणाला, "आता पिवळी उठेल," की पिवळी एका कुशीवर होऊन सुटायची. एकदा नाही, दोनदा नाही. मी कुजबुजायला लागले, जशी काय चर्चमध्ये बसलेय. इतकी वर्षं या माणसाला मी वाफ्यात खुरपं चालवताना बघत होते, आणि त्याच्या डोळ्यांत अख्खं तळं होतं.

मग शारोल्टा सिओफोककडे झुकायला लागली.

"नको," तो पुटपुटला. "तिकडे मेलंय. तिकडे काही नाही."

त्याचे हात टोपीकडे जायला लागले. त्याने ते दोन्ही मांड्यांखाली दाबून धरले. अक्षरशः हातांवर बसला!

मी बाई सरळ आहे. म्हटलं, "अरे, कर ना एकदा हात! कोण बघतंय?"

"नियम आहे. बाहेरच्याने सांगायचं नाही."

"नियम गेला खड्ड्यात. नात आहे तुझी!"

"म्हणूनच," तो म्हणाला. "गप बस, पिरोश्का."

आणि तेवढ्यात मठाची बाराची घंटा झाली.

आता आमच्याकडचा म्हातारा माणूस बाराच्या घंटेला काय करतो? उठतो, टोपी काढतो, क्रूस करतो. साठ वर्षांची सवय, त्यात डोकं लागत नाही. वेन्डेल उठला. टोपी काढली. आणि नेमकी त्याच मिनिटाला शारोल्टाने होडी पुरती सिओफोककडे वळवली.

बोयाला ती मागे पडली होती, पण परतीच्या वाटेवर होड्या मागे टाकत सातवी आली. आठव्याच्या आत! मी टेकडीवरून धावत उतरले, वाटेत एक चप्पल तुटली, तीही हातात घेऊन धावले. क्लबात पोचते तर सगळ्यांचे चेहरे पडलेले. प्रेबेनने तक्रार केली होती. त्यांच्या प्रशिक्षकाने दुर्बिणीतून बघितलं होतं, की टेकडीवरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली, आमच्या होडीतला मधला पोरगा मागे वळून बघत होता, आणि लगेच होडी वळली. तक्रार खरी ठरली तर शारोल्टाची ती शर्यत बाद, पदक गेलं.

आणि टोपीचं त्याला सांगितलं कोणी? मी! माझ्या या जिभेने! मी स्वयंपाकघरात जाऊन पळी आपटली आणि रडले.

पंच पाच जण, पाच देशांचे. मधोमध एक डच बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. क्लबचा सेक्रेटरी ल्योरिन्त्स भाषांतर करत होता. मी कॉफीचा ट्रे घेऊन शिरले आणि बाहेर पडलेच नाही.

"तुम्ही टोपी काढली?" बाईंनी विचारलं.

"काढली," वेन्डेल म्हणाला.

"का?"

"बारा वाजले."

ल्योरिन्त्सने घंटेचं समजावून सांगितलं. बाईंनी मान डोलावली, पण लिहिलं काहीच नाही. "तुम्ही पूर्वी टोपीने होड्यांना दिशा दाखवायचात, हे खरं?"

मी ट्रेमागे तोंड लपवलं.

"खरं," वेन्डेल म्हणाला. "आज टोपी डाव्या हातात होती. क्रूस उजव्या हाताने करतात, म्हणून टोपी डाव्या हातात. डावा हात म्हणजे फ्युरेद. आणि ही पोरगी गेली सिओफोककडे."

प्रेबेन अदबीने म्हणाला, "कदाचित त्यांचं उलट ठरलं असेल."

झालं! चाळीस वर्षांत वेन्डेलचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. तो उभाच राहिला.

"मी? मी हिला तिकडे पाठवीन? अहो, तिकडे वारा मेलेला होता! लहान पोरालाही दिसलं असतं! वारा सगळा फ्युरेदकडे होता आणि ही गाढवासारखी उजवीकडे वळली!"

"ताता!" शारोल्टा मागून ओरडली. आजोबाला ती ताताच म्हणते. "गाढव काय म्हणतोस सगळ्यांसमोर? माझं बरोबर होतं!"

"काय बरोबर? शीड लटकत होतं धुतलेल्या चादरीसारखं!"

"दोन मिनिटं!"

"दोन? बोयापर्यंत!"

"तुला काय कळतं, तू तर बांधलेल्या होडीत ओकतोस!"

ल्योरिन्त्सला कळेना, भाषांतर करायचं की आवरायचं. डच बाईंनी हात वर करून त्याला सांगितलं, करा, सगळं करा. त्याने ओकण्यासकट केलं. पाचही पंच खाली बघायला लागले. ओठ आवळून.

मग बाईंनी चष्मा काढला. "फ्युरेदच्या बाजूला वारा होता, हे तुम्ही दाखवू शकता?"

वेन्डेल परत खाली बसला. मग सांगायला लागला. बाई गं, काय सांगू तुम्हाला! त्याच्याकडे ना दुर्बीण, ना कागद. पण कुठल्या रंगाची होडी कुठे वळली, कोणाला वारा कुठे लागला, कोणाच्या शिडातून कुठे निघून गेला, सगळं. घंटेचा पहिला ठोका पडला तेव्हा कोण कुठे होतं तेही. जसा मठातला म्हातारा पाद्री प्रार्थना म्हणतो ना, डोळे अर्धे मिटून, तसा. एकतीसच्या एकतीस होड्या. ल्योरिन्त्सचा आवाज हळूहळू खाली गेला. प्रेबेन आधी लिहून घेत होता, मग त्याने पेन ठेवलं.

"आणि ती पांढरी होडी, हिरव्या पट्ट्याची," वेन्डेल म्हणाला, "ती शेवटून तिसरी होती. हरलेलीच, म्हणून एकटी फ्युरेदकडे गेली. बोयाला ती तेरावी होती. बघा तुमच्या यादीत."

हिरव्या पट्ट्याची होडी अर्जेंटिनाची. बोयाजवळच्या माणसाने प्रत्येक होडीचा क्रम लिहिलेला असतो. यादी आणली. डच बाईंनी बोट खाली खाली नेलं. थांबलं.

"तेरावी," त्या म्हणाल्या.

बाहेर डोलकाठ्यांच्या दोऱ्या खळखळत होत्या. माझ्या हातातल्या ट्रेवरची कॉफी थंड झाली होती, मला कळलंच नव्हतं.

तक्रार फेटाळली. बाहेर आल्यावर प्रेबेनने वेन्डेलचा हात दोन्ही हातांत धरला आणि ल्योरिन्त्सला म्हणाला, "यांना सांगा, पुढच्या वर्षी आमच्याकडे या. मला शिकवा." मग जरा विचार करून म्हणाला, "पण आमच्याकडे टेकड्याच नाहीत." मी त्याला चौथा वाडगा रस्सा दिला. पण या वेळी तोंड मिटून दिला.

रात्री क्लबातच जेवणाला शारोल्टा गळ्यात पदक घालूनच बसली. वेन्डेल समोर, सोडा घातलेल्या वाइनचा पेला पुढे. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता मिठ्या मारतील, रडतील. मी तर रुमाल काढून ठेवला होता.

"ठीक आहे," शारोल्टा तोंडात पाव कोंबून म्हणाली. "फ्युरेदकडे वारा जरा बरा होता. मानलं. पण माझं चार जागांचंच नुकसान झालं."

"सहा," वेन्डेल म्हणाला.

"चार! मी सहा नंबर मागे गेले असते तर मला कळलं नसतं?"

"सहा."

"ताता, मी होडीत होते!"

"मी टेकडीवर होतो."

"अरे, आज पदक मिळालंय तिला," मी मधे पडले. "म्हण की बाबा चार! काय जातं तुझं?"

त्याने रश्शातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. नीट ठेवला. "सहा होत्या."

शारोल्टा खुर्ची मागे सारून उठली आणि तरातरा भिंतीवरच्या निकालाच्या फलकापाशी गेली. बोयाची यादी तिथे लावलेली होती. बोट ठेवून तिने स्वतःचं नाव शोधलं. घंटेच्या वेळी ती चौथी होती, ते तर सगळ्यांनाच ठाऊक. बोयाला? ती बघत राहिली. परत वरून मोजलं. मग परत एकदा, या वेळी ओठ हलवत.

आली, बसली, त्याचा पेला उचलला आणि त्यात वाइन ओतली, सोडा न घालता.

"दहावी," ती म्हणाली.

वेन्डेलने पेला उचलला. "मग? किती झाल्या?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"सहा," ती म्हणाली.