कुंकू लावलेल्या दोन फ्लॉप्या

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, सांगलीतलं आमचं छोटंसं कॉम्प्युटर सेंटर… सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझी ती पहिलीच नोकरी. साताऱ्याहून येऊन एका खोलीत राहत होते आणि इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्याच्या ऊसनोंदी मशीनवर चढवत होते.

मी जन्मजात संशयी. दुधात पाणी, वाण्याचं माप, एसटीच्या कंडक्टरने सांगितलेली वेळ… कशावरही माझा चटकन विश्वास बसत नाही. "अशी पोरगी कुणाच्या घरात नांदणार," हे आईचं पेटंट वाक्य होतं.

आणि त्या मशीनवर तर माझा काडीचाही विश्वास नव्हता. त्याला दोन खाचा. डावीकडे अस्सल फ्लॉपी घालायची, उजवीकडे नकलेची. कमांड टाईप करून बटण दाबलं की उजवीकडची आधी साफ पुसली जायची आणि डावीकडचं सगळं तिच्यावर उतरायचं… झालं की नाही, हे मशीन सांगायचंच नाही. नुसता एक ठिपका लुकलुकत बसायचा.

माझ्या जोडीला सर्जेराव होते. सैन्यातून रिटायर झालेले, सिग्नलवाले, माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. खंडेनवमीला मशीनची पूजा त्यांनीच मांडली. पलटणीत शस्त्रं पुजायची सवय, त्यामुळे हात आखडता नाही. मशीनला झेंडूचा हार घातला आणि दोन्ही फ्लॉप्या बाहेर काढून पाटावर शेजारी शेजारी मांडल्या. त्यांवर ओल्या कुंकवाची भली मोठी बोटं ओढली… नेमकी लेबलावर.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर फ्लॉप्या पुन्हा खाचांत बसलेल्या. मी सवयीने डावी बाहेर काढून पाहिली. लेबलावरची शाई कुंकवात विरघळून गेली होती. उजवीचीही तीच गत… अस्सल कुठली, नक्कल कुठली, काही कळेना.

"डावी ती अस्सल," सर्जेराव म्हणाले. "म्या सोताच्या हातानं ठिवलीया."

कारखान्याची जीप दारात उभी होती. बॉयलर पेटायला थोडेच दिवस उरले होते आणि ऊसतोडीचा क्रम याच नोंदींवरून लागणार होता. ताजी नक्कल काढायची, मग रद्द झालेल्या नोंदी पुसून अस्सल फ्लॉपी जीपमधून रवाना करायची, एवढंच काम. सेंटरचे साहेब दोनदा डोकावून गेले. "बाई, बटण दाबायला मुहूर्त काढायचाय का?"

माझं बोट बटणावर होतं… पण दाबवेना.

आधीची नक्कल गणपतीच्या सुमारास काढलेली होती. समजा डावीकडे तीच जुनी बसली असेल, तर बटण दाबताक्षणी गणपतीनंतरच्या सगळ्या नोंदी गायब. आणि एकदा कॉम्प्युटरवर चढलं म्हटल्यावर कारखान्यात पुन्हा कागद कोण शोधतो? ज्याचं नाव मशीनवर नाही, त्याच्या उसाला तोड नाही.

तेवढ्यात मला सर्जेरावांच्या भावाची नोंद आठवली. पूजेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी समोर उभं राहून ती माझ्याकडून चढवून घेतली होती. मागच्या हंगामात त्या भावाचा ऊस राहून गेला होता… तुरे आले, उन्हाळ्यापर्यंत रानात उभ्या उभ्या वाळला. यंदा तसंच झालं तर ऊस मोडून टाकीन म्हणत होता. तरी मला तेव्हा शंका आलीच होती, की हे भावाचा नंबर पुढे तर सरकवत नाहीत ना? नंबर लागणीच्या तारखेवरून लागायचा, ती तारीख मी कारखान्याच्या चिठ्ठीशी दोनदा ताडून पाहिली होती. म्हणून ते नाव डोक्यात पक्कं बसलेलं.

मी मशीनला डाव्या फ्लॉपीवर ते नाव शोधायला लावलं.

सर्जेराव वैतागले. "आता काय चौकशी लावलीया व्हय ताई? आमच्यावर इस्वास न्हाई?"

मी म्हटलं, "नाही."

मशीन बराच वेळ घरघरलं… आणि नाव नाही म्हणालं. उजवीवर शोधलं. पहिल्या फटक्यात सापडलं, तारखेसकट.

सर्जेराव स्टुलावर बसले. कपाळ पुसलं तर मशीनवरचं पूजेचं कुंकू बोटाला लागलेलं होतं, ते कपाळभर झालं. "माझ्याच हातानं भावाचा ऊस पुसला असता की वो," एवढंच म्हणाले. मलाही हसू आलं नाही. मी गुपचूप फ्लॉप्यांची अदलाबदल केली, पुन्हा एकदा नाव तपासलं आणि मगच बटण दाबलं.

पुढच्या खंडेनवमीला पाटावर एकच फ्लॉपी होती, कोऱ्या कागदात गुंडाळलेली. दुसरी सर्जेरावांनी आदल्या दिवशीच माझ्या हातात आणून दिली. "ही तुमच्या पिशवीत ऱ्हाऊ द्या." आता इतक्या वर्षांनी माझा मुलगा म्हणतो, आई, बॅकअप आपोआप होतो, तू कशाला बघतेस? मी तरीही एखादा जुना फोटो उघडून बघतेच…

पण त्या घोळानंतरची संक्रांत सांगायची राहिली. मी साताऱ्याला निघाले होते. सर्जेराव स्टँडवर आले, खांद्यावर उसाची मोळी. भावाच्या रानात तोड लागली होती. "घ्या ताई, संशयाचा ऊस हाय. ग्वाड हाय का न्हाई, तपासून घ्या." मी खरंच तिथेच एक कांडं दाताने सोलून पाहिलं. ते लय खूश झाले.

घरी पोचल्यावर आईने मोळीकडे बघून विचारलं, एवढा ऊस कुणी दिला, आणि कशाबद्दल गं?

म्हटलं, माझ्या स्वभावाबद्दल.