पहिला प्रश्न सलीमभाईचा

जेवणाआधी प्रश्न कशाला लागतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. आमच्या तालुक्याच्या वारसा मंडळाचं वर्षातून एकदा जेवण असतं. आधी बाहेरून आलेले पाहुणे पडद्यावर फोटो दाखवत बोलतात. त्यांना एक तरी प्रश्न विचारल्याशिवाय पंगत बसत नाही. पहिला प्रश्न दरवर्षी माझा मोठा भाऊ सलीमभाई विचारायचा. मी गॅरेजवाला, आठवी नापास; बादली घेऊन वाढायला जायचो. असल्या मंडळात किस्से भंगारासारखे साठतात. टाकवत नाहीत, अन् ठेवायचे कुठं तेही कळत नाही.

*

एका वर्षी भाईची बस चुकली. पाहुणे बोलून झाले अन् उभेच राहिले. प्रश्न विचारायला कुणी उठेना. शेवटी अध्यक्ष मन्मथअप्पा उठले. त्यांचं किराणा दुकान आहे. म्हणाले, "पाव्हणं, तुमाला भूक न्हाई लागली का?"

मंडळाच्या वहीत तो प्रश्न म्हणून लिहिला गेला. खाली उत्तरही : लागली!

*

चकलांब्याला एक आजी वीरगळावर धुणं धुवायची. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचा कोरीव दगड. भाईनं तो मागितला तर म्हणाली, "न्या की. पण माझं धुणं तुमी धुणार का?"

मंडळानं तिला दुसरा चपटा दगड आणून दिला. पुढच्या वर्षी पाहुण्यांना ती जागा दाखवायला नेलं. ते नव्या दगडापाशी गुडघे टेकून बसले, तीन बाजूंनी फोटो काढले अन् म्हणाले, लई प्राचीन दिसतो.

आजी म्हणाली, "मागल्या साली आलाय बाबा. ह्यांच्याच टमटममधून."

*

फोटोत दगड केवढा ते कळावं म्हणून शेजारी पट्टी ठेवतात म्हणे. भाई माझा चौदा-पंधराचा पाना ठेवायचा. वहीत उंचीही तशीच लिहायचा : पाना पाच वेळा, वर चार बोटं. मग मंडळाला पुस्तिकेसाठी उंची फुटात हवी झाली. चार म्हातारे टेप घेऊन गॅरेजवर आले. पाना माझ्यापाशी, अन् मी ट्रकखाली.

अप्पा वाकून म्हणाले, "बाळा, जरा भाईर ये. आमचा इतिहास तुझ्या हातात हाय."

*

दिवाळीच्या आधी भाईला ताप आला. तिसऱ्या दिवशी भाई नव्हता. ताप तर सगळ्यांनाच येतो.

मंडळानं शोकसभा घेतली. ठरावात वय लिहायचं होतं. एक जण चौतीस म्हणाला, दुसरा पस्तीस. दोघे वाद घालत राहिले. दगडांवरून घालतात तसाच. मग मला विचारलं, "पुरावा हाय का?"

मी म्हणालो, "अम्मी हाय."

ठरावात वयाची जागा कोरी राहिली.

*

या वर्षीच्या जेवणाला मी जाणार नव्हतो. अप्पा गॅरेजवर येऊन बसले, उठेचनात. गेलो.

पाहुण्या एक मॅडम होत्या. त्यांनी शेवटचा फोटो लावला, तो चकलांब्याच्या वीरगळाचा. भाईनं काढलेला. शेजारी माझा पाना.

मॅडम थांबल्या. पहिल्या रांगेत भाईची खुर्ची तशीच रिकामी. मला वाटत होतं, कुणी काही विचारूच नये. विचारलं की भाईची जागा भरली. वरण गार होत होतं. मॅडम कागद गोळा करायला लागल्या. त्यांना वाटलं असणार, आपलंच काही चुकलं.

मी बादली खाली ठेवली.

"मॅडम, तो पाना किती नंबरचा हाय?"

त्या पडद्याकडे वळल्या. पान्याजवळ वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही."

अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. "लिहून घ्या," म्हणाले. "प्रश्न झाला. बसा पंगतीला."

मी बादली उचलली अन् पहिल्या ताटापासून वाढत गेलो.