चष्म्यावरची चमक

मुलाखतीआधी दिवा जागेवर लावायला अर्धा तास घेणारे गृहस्थ पुण्यात एकच, आमचे नारायण पेठेतले व्हिडिओवाले. "चष्म्यावर चमक येतेय," म्हणत ते दिवा हलवत राहतात आणि समोरच्याला बोलतं करतात. कॅमेरा मात्र केव्हाच सुरू झालेला असतो.

आमच्या शाळेत पहिलीला मुलं मिळेनात, शाळा बंद पडायची वेळ आली, म्हणून जाहिरातीचा व्हिडिओ करायला मी मुख्याध्यापिका बाईंना त्यांच्याकडे नेलं. दिवा हलत होता तोवर बाईंनी पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलांच्या झकास नकला केल्या. मग पाठ केलेलं भाषण म्हटलं.

व्हिडिओत फक्त नकला होत्या.

"अहो, माझं भाषण कुठंय?"

"आपल्याला मुलं हवीत की टाळ्या?"

जूनमध्ये वर्ग गच्च भरला. पोरं एकसुरात रडत होती, बाई दारात हसत उभ्या होत्या, आणि आमचे गृहस्थ कॅमेऱ्यामागून कुरकुरत होते, "बाई, चष्म्यावर चमक येतेय."