ओलेत्यानं रांधलेला भात

वरोऱ्याच्या डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि बाबांना बजावलं: धूर नको, गारठा नको, दगदग नको. चांगल्या हवेत नेऊन ठेवा, जगेल, असं ते म्हणाले. बाबा शाळामास्तर. नाताळची सुटी तोंडावर होती आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी जंगलखात्यात लागला होता. त्याच्या ओळखीनं आरमोरीपलीकडच्या झाडीत, तळ्याकाठचा सरकारी बंगला आम्हाला राहायला मिळाला.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. त्या बंगल्यांची रीत अशी की खाटा, टेबल, कंदील सरकारचे. बाकी ज्याचं त्यानं आणायचं आणि ज्याचं त्यानं रांधून खायचं. त्यामुळे बैलांच्या खाचरात आईच्या आधी भांडी चढली. तांदूळ, डाळ, पिठाचा डबा, खलबत्ता, सोवळ्याचं लुगडं. ज्या बाईला चुलीपासून दूर न्यायचं होतं तिच्यासोबत अख्खी चूल निघाली होती, आणि याचं कुणालाच काही वाटलं नाही.

जागा सुंदर होती, खोटं कशाला बोलू. तळ्यात शिंगाड्याचे वेल पसरलेले, मागं सागाची आणि मोहाची झाडी, सकाळी पाण्यावर धुकं. बाबा गळ्याला मफलर गुंडाळून तळ्याला फेरी मारून यायचे आणि अंगणात उभे राहून मोठ्यानं श्वास घ्यायचे. त्यांच्या गालांवर लाली आली. आई मागच्या स्वयंपाकघरात ओल्या लाकडांशी झगडत खोकत असायची. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला.

बंगल्याच्या चौकीदाराची बायको जवळच राहायची. ढिवराची बाई, घरी तळ्यातली मासोळी आणि धानाची थोडी शेती. धिप्पाड, मोकळी, आवाज अंगणभर. आईनं पाण्याचा हंडा उचलला की ती धावत यायची.

"बाई, तुमी काऊन उचलता? मी आणून देतो न."

"नको गं, आमच्यात चालत नाही," आई म्हणायची. ती हसायची आणि विहिरीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत नुसती सोबत चालायची. हंडा आईच्याच कमरेवर.

एका सकाळी आई चुलीपुढं खोकता खोकता खाली बसली आणि तिला उठताच येईना. पदराला रक्त लागलं होतं. बाबा तळ्यावर गेले होते. मी ओरडले तशी चौकीदाराची बायको आली. तिनं चालतं की नाही हे काही विचारलं नाही. आईला सरळ उचललं, उन्हात खाटेवर नेऊन टाकलं, आपलं घोंगडं तिच्या अंगावर घातलं. मग घरी जाऊन एक मडकं घेऊन आली.

"नवं हाये बाई. याले मासोळी लागली नाई. तुमचेच तांदूर घेतो, पाणी मीच आणतो. आता नाई म्हनू नका."

आई नाही म्हणाली नाही. तिनं डोळे मिटून घेतले.

चौकीदाराच्या बायकोनं भात केला, साधं वरण केलं, आमच्याच ताटात वाढलं. आई भिंतीला टेकून जेवली. परत मागून जेवली. तिचं ते तोंड मी विसरू शकत नाही. खाताना ती काही ऐकत असल्यासारखी मान किंचित वाकडी करत होती. "किती वर्षांनी मला कुणी वाढलं," ती मला म्हणाली, आणि उन्हातच झोपली. खोकलासुद्धा आला नाही. मला वाटलं, आता आई बरी होणार. नऊ वर्षांच्या मुलीला असं वाटायला एवढं पुरतं.

बाबा आले. त्यांनी हातपाय धुतले, पाट मांडला, आणि चुलीवरचं नवं मडकं पाहिलं. मला विचारलं, मी सांगितलं. ते रागावले नाहीत. आमचे बाबा कधी कुणावर ओरडले नाहीत. साऱ्या वरोऱ्यात त्यांच्या गरीब स्वभावाचं कौतुक होतं.

"तुम्ही जेवलात ना? मग झालं तर. मला भूक नाही," ते म्हणाले आणि पाट उचलून भिंतीला लावला. संध्याकाळी मूठभर कोरडे पोहे खाल्ले, वर तांब्याभर पाणी प्यायले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तळ्याकडे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आई विहिरीवर गेली. पौषातली थंडी, तोंडातून वाफ निघत होती. तिनं डोक्यावरून गार पाण्याच्या घागरी ओतून घेतल्या. मग ओल्या लुगड्यानंच आत येऊन तिनं चूल सारवली आणि भात टाकला. ओलेत्यानं रांधलं की सगळं शुद्ध. थेंब जमिनीवर पडत होते आणि तिचे दात वाजत होते.

चौकीदाराची बायको दारात उभी होती. "गुरुजी, पाहून काय राह्यले? थे बाई मरून जाईन!" ती बाबांवर ओरडली. "हवा खायाले आनलं का माराले आनलं तिले?"

बाबा म्हणाले, "तिच्या मनाचं समाधान आहे ते. आपण मधे पडू नये."

मग ते पाटावर बसले आणि पोटभर जेवले.

त्या दुपारी आईला ताप भरला. खाचरातून परतताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि भांडी वाजत होती. फाल्गुनात ती गेली. माणसं म्हणाली, हवापालटसुद्धा करून पाहिला बिचाऱ्यांनी. मला अजूनही ते वाक्य आठवलं की कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटते.

मला मामाकडं पाठवलं. पुढच्या दिवाळीला घरी आले तर चुलीवर मांजर झोपलेलं. बाबा मला घेऊन स्टेशनजवळच्या खानावळीत गेले. लांब बाक, पत्र्याची ताटं, आत कुणीतरी घामाघूम होऊन वाढून देत होतं. बाबा सवयीनं बसले आणि भात कालवू लागले.

मी विचारलं, "बाबा, इथं रांधतं कोण?"

"कोणास ठाऊक," ते म्हणाले. "भात मात्र चांगला असतो."