रोज लावते हो!

दातांच्या दवाखान्यात शिरलं की समोर टेबल, टेबलामागे ताई, आणि ताईच्या डोक्यावर भिंतीवर पुन्हा ताईच, दोन फोटोंत. डावीकडे चोवीस वर्षांची एक पोरगी, वरचे दात ओठांबाहेर, नजर खाली. उजवीकडे तीच पोरगी दोन वर्षांनी, एका रेषेतले दात दाखवत खदाखदा हसतेय. खाली लिहिलंय 'आधी' आणि 'नंतर'. नंतरच्याही नंतर काय होतं ते कुठल्याच दवाखान्याच्या भिंतीवर नसतं.

शाळेत तिला खारूताई म्हणायचे. पोरंच ती, त्यांच्या जिभेला हाड नसतं. पण हिने ते मनाला असं लावून घेतलं की हसायचंच सोडलं. मोठ्या बहिणीच्या लग्नाचा अख्खा अल्बम चाळा, हिच्या तोंडावर रुमाल नाही असा एक फोटो सापडायचा नाही. पुढे डॉक्टरांनी नवा दवाखाना थाटला, तिथे समोर बसायची नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "समोर बसणाऱ्या माणसाचेच दात असे असतील तर लोक माझ्याकडे कशाला येतील? बस खुर्चीत." माणूस बोलायला तिखट, पण मनाने वाईट नाही. दोन वर्षं तारा होत्या. त्या निघाल्या त्या दिवशी ती न्हाणीघरातल्या आरशासमोर इतका वेळ उभी राहिली की शेवटी वडिलांनी दार वाजवलं, "अगं, आम्हालाही दात आहेत, घासू दे!" त्या दिवशी ती जी हसायला लागली, ती दहा वर्षं हसतच होती.

तारा काढताना डॉक्टरांनी हातात रिटेनर दिला. दातांवर बसणारं पारदर्शक प्लास्टिकचं कवच, छोट्या निळ्या डबीत. "रोज रात्री लावायचा. जन्मभर. नाही लावलास तर दात आपल्या जागी परत जातील." झालं. ताईने तो रोज लावला. ताप असताना लावला, प्रवासात लावला, सासरे वारले त्या रात्रीही लावला. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. तो चारचौघांत सांगायचा, "लग्नाच्या पहिल्या रात्री बायको म्हणाली, थांबा हं, जरा दात लावून येते. माझी तर पाचावर धारण बसली!"

आता शिक्क्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे झालं.

तारा काढून गेलेल्यांपैकी काही लोक वर्षा-दोन वर्षांनी परत यायचे. दात सरकलेले. ताई टेबलावरूनच विचारायची, "रिटेनर रोज लावता का?" एकजात सगळे म्हणायचे, "रोज लावतो हो!" एकजण म्हणून कबूल करायचा नाही. मग ताई भुवई उडवून म्हणायची, "सगळे तसंच म्हणतात," आणि कार्डावर लिहायची, 'सूचना देऊनही रिटेनर वापरला नाही.' कार्ड आत जायचं, डॉक्टर ते वाचायचे आणि काही विचारायच्या भानगडीत न पडता कामाला लागायचे. लिहून लिहून हात दुखायला लागला, तेव्हा ताईनेच डोकं चालवलं. बाजारातून या वाक्याचा रबरी शिक्का करून आणला, सोबत जांभळी शाई. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "डोकं आहे तुझं!" तेव्हापासून नुसतं थाड करून शिक्का पडायचा. एका मुलाची आई एकदा हात जोडून म्हणाली होती, "अहो, मी स्वतः बघते, रोज झोपताना लावतो तो." ताई म्हणाली, "आईच ती, बाजू घेणारच." थाड!

तर अशी ही ताई. आणि एका रात्री तिचा स्वतःचा रिटेनर बसेना.

रोज तो टक् आवाज करून बसायचा. त्या रात्री बसताना दातांवर जोर आला आणि आवाज आलाच नाही. सकाळी जिभेला वरचा डावीकडचा दात आत गेल्यासारखा लागला. तिने आरशात पाहिलं. दवाखान्यातला छोटा गोल आरसा तोंडात घालून पाहिलं. दात सरकलाच होता, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा, पण सरकला होता. ती स्वतःशीच म्हणाली, "पण मी तर रोज लावते!" आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की या वाक्याला या दवाखान्यात काडीची किंमत नाही. तशी सोय तिनेच करून ठेवली होती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सांगायचं कुणाला? डॉक्टरांना सांगावं तर निष्काळजी ठरणार. न सांगावं तर दात सरकत राहणार. तिने दिवसासुद्धा रिटेनर लावायला सुरुवात केली. त्याने बोलताना 'स' चा 'थ' व्हायला लागला. फोनवर लोक विचारायचे, "ताई, जिभेला भाजलं का?" ती म्हणायची, "हो ना, चहा गरम होता." महिनाभर तिचा चहा गरमच होता. हसू येईल तिथे ती खोकायची. डोक्यावरच्या त्या खदाखदा हसणाऱ्या पोरीची तिला भीती वाटायला लागली, खरंच भीती. कोणी फोटोकडे बघून मग हिच्याकडे बघितलं की हिचे ओठ आपोआप मिटायचे.

नवरा म्हणाला, "मी येतो ना डॉक्टरांकडे. दहा वर्षं त्या प्लास्टिकच्या शेजारी झोपतोय, माझ्याएवढा साक्षीदार कोण?"

"घरच्यांची साक्ष तिथे चालत नाही," ताई म्हणाली.

"कोणी ठरवलं असं?"

ताईने तोंड फिरवलं आणि झोपल्याचं सोंग केलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक काका बसतात, अंगभर प्लास्टरची पांढरी भुकटी. पेशंटच्या दातांचे साचे आणि त्यावरून रिटेनर बनवायचे हे त्यांचं काम. शेवटी एका दुपारी ताई डबी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हा माझ्या ओळखीच्या एका बाईंचा आहे."

काकांनी रिटेनर उजेडात धरला, बोटाने चाचपला. "भरपूर लावलाय हो या बाईंनी. दाढेपाशी बघ, झिजून कागदासारखा झालाय. इथे तडा आहे. डबीत पडून राहिलेला रिटेनर असा होत नाही, तो नव्यासारखाच राहतो."

"मग दात कसे सरकले?"

"प्लास्टिक सैल पडतं, वय वाढतं, दात सरकतात. हाड जिवंत असतं, भिंत आहे का ती? लावणाऱ्यांचेही सरकतात, थोडे थोडे."

"म्हणजे नुसतं बघून कळतं? कोणी लावलाय, कोणी नाही?"

"न कळायला काय झालं? पण डबी उघडून बघतो कोण?" काका हसले. "तुम्ही तर बाहेरूनच शिक्का मारून पाठवता."

ताईने रिटेनर परत डबीत ठेवला. दहा वर्षं ती प्रश्न विचारत होती. "डबी दाखवा," हे दोन शब्द तिला एकदाही सुचले नव्हते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, मग त्या दिवसापासून तरी शहाणपणा आला का? नाही आला! घाबरलेला माणूस शहाण्यासारखा वागत नाही. पुढच्याच सोमवारी एक बसचालक आला. चाळिशीचा, दणदणीत आवाजाचा, उशिरा लग्न ठरलं म्हणून तारा लावून घेतलेला. त्याचे खालचे दात सरकले होते. हे त्याचं दुसऱ्यांदा येणं. पाटलोणीच्या खिशावर थाप मारून तो म्हणाला, "रोज लावतो हो ताई, ड्युटी संपली की लगेच." डॉक्टर मागेच उभे होते. ताईने कार्ड ओढलं.

"सगळे तसंच म्हणतात." थाड!

"तुम्ही पोलिसात हव्या होतात," बसवाला म्हणाला आणि गुरुवारची वेळ घेऊन गेला.

तो गेल्यावर डॉक्टर टेबलाशी आले. भिंत रंगवायची होती. आणि त्यांच्या डोक्यात एक कल्पना आली होती, तिसऱ्या फोटोची. 'दहा वर्षांनंतरही.' फोटोग्राफर गुरुवारी सकाळी येणार होता. "तुझ्यासारखी जाहिरात शोधून सापडायची नाही," ते म्हणाले. ताई खोकली.

तीन दिवस तिने रिटेनर फक्त जेवायला काढला. हिरड्या सुजल्या, पण दात हटून बसला होता, तो काही जागचा हलला नाही. बुधवारी तिने आजारी पडायचा विचार केला, पण ताप काय मागितला म्हणून येतो?

गुरुवारी फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, हसा." ती ओठ मिटून हसली. "दात दिसू देत. दातांचाच फोटो आहे ना?" डॉक्टर म्हणाले, "अगं, तुला हसायला सांगावं लागतंय होय?" आता पळायला जागाच नव्हती. तिने ओठ उघडले.

डॉक्टरांची नजर त्या दाताला जाऊन चिकटली. फोटोग्राफरला त्यांनी चहाला पाठवलं आणि तिला म्हणाले, "आत ये."

दहा वर्षांनी ती त्या खुर्चीत आडवी झाली. वरून दिव्याचा झोत, तोंडात आरसा, हलता येईना की बोलता येईना. डॉक्टरांनी आरसा काढला.

"किती दिवस लावला नाहीस?"

"एक रात्र चुकवली नाही डॉक्टर. रोज लावते हो."

डॉक्टर हसले. तिरसटपणे नाही, मायेनेच. "सगळे तसंच म्हणतात." हे वाक्य ते तिच्याकडूनच शिकले होते.

"डबी आणलीय मी. एकदा बघता का? काका म्हणाले की झिजलेला..."

"काकांना साचे करू दे." त्यांनी हातमोजे काढले. "हे बघ, मी रागावलेलो नाही. परत तारा लावू, वर्ष-दीड वर्ष लागेल. फोटो जुनेच राहू देत. कोणी विचारलं तर सांग, जरा दुर्लक्ष झालं. आणि बाहेर गेलीस की कार्डावर नोंद करून टाक."

कसली नोंद, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

ताई टेबलाशी आली. आपलं जुनं कार्ड काढलं, ड्रॉवरमधून शिक्का काढला. मारला नाही तर चूक कोणाची ठरणार? रिटेनर लावूनही दात सरकतात असं एका कार्डावर मान्य केलं की कपाटातली सगळी कार्डं खोटी पडणार. आणि त्या सगळ्यांवर शाई तिच्या हातची. आपलेच दात, आपलेच ओठ! शाई सुकत आली होती, पहिला शिक्का फिका उठला. तिने दातओठ खाऊन दुसऱ्यांदा दाबला. संताप डॉक्टरांचा नव्हता, स्वतःचाच होता.

"येऊ का पोलीस ताई?" दारात बसवाला उभा होता.

ताईने डोळे पुसले. त्याचं कार्ड काढलं. त्यावर दोन जांभळे शिक्के होते. तिने हात पुढे केला. "डबी दाखवा."

"आता? इतक्या दिवसांनी?" पण त्याने खिशातून डबी काढून दिली. ताईने रिटेनर उजेडात धरला. दाढेपाशी कागदासारखा झाला होता, एका जागी तर आरपार भोक. हा माणूस खरं बोलत होता. पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही. तिला कसंनुसं, रडवेलं हसू आलं. महिन्याभराने ती दात दाखवून हसली.

बसवाल्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग वरच्या फोटोकडे, मग परत तोंडाकडे. "अरेच्चा! ताई, तुम्हीपण लावत नाही वाटतं?"

"रोज लावते हो," ताई म्हणाली.

"सगळे तसंच म्हणतात!" तो दणदणीत आवाजात म्हणाला आणि हसायला लागला. मग तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मध्येच विरलं. टेबलावरचं ताजं, ओलं कार्ड त्याला दिसलं. त्यावरचं नावही त्याने वाचलं असावं. मग त्याने टेबलावर आपला हात पुढे केला, तळवा वर.

"डबी दाखवा."

ताईने पर्स उघडून निळी डबी त्याच्या हातावर ठेवली. त्याने रिटेनर काढून खिडकीकडे धरला आणि रोज सकाळी बसचं चाक तपासावं तसा कडेकडेने अंगठा फिरवून नीट पाहिला.

"झिजलाय की हो," तो म्हणाला.

आतून डॉक्टरांनी घंटी वाजवली. ताईने त्याचं कार्ड घेऊन शिक्क्यांच्या खाली पेनाने लिहिलं, 'रोज लावतात. डबी पाहिली.' आणि त्याला आत पाठवलं. मग तिने स्वतःचं कार्ड ओढलं. त्यावर काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला, आणि शाई वाळल्यावर ते तसंच कपाटात लावून टाकलं.