गेणूचा भंडारा आणि सिस्टरची गोळी

दवाखान्यातली एक गोष्ट तुकाबाईला मनापासून आवडली होती. इथं बसायला लोखंडी स्टूल होतं आणि त्यावरून तिला कुणी उठवत नव्हतं. लग्न झाल्यापासून ती उभीच होती. आधी मेंढरांमागं, मग शेळ्यांमागं, मग नवऱ्यामागं. त्यातल्या त्यात मेंढरं बरी. संध्याकाळ झाली की आपली आपण घराकडं वळायची.

नवरा म्हणजे गेणू. भरे गावच्या माळावर त्याच्या बापापासून मेंढरं चरायची. पुढं माळाला प्लॉटिंगवाल्यांनी तारा ठोकल्या, मेंढरं विकावी लागली आणि गेणूला त्याच तारांच्या आत वॉचमनची नोकरी मिळाली. राखणीची सवय होतीच. पण मोकळा प्लॉट कुठं पळत नाही, त्याला लांडगा खात नाही. त्याच्याकडं माणूस बघून बघून किती बघणार? मग थंडी वाजते म्हणून दारूची एक क्वार्टर आली, आणि पुढं गेणूला थंडी बारा महिने वाजायला लागली.

सोडायचं त्यानं मनावर घेतलं नव्हतं असं नाही. मागं एकदा बिरोबाच्या देवळात जाऊन भंडारा उचलला होता. देवाची ती हळद तळहातावर घेऊन शब्द दिला की तो मोडायचा नसतो. मोडला तर देव बघून घेतो. गेणूनं त्या दिवसापासून थेंब घेतला नाही. दोन दिवसांत हात थरथरायला लागले, अंगाला घाम सुटला आणि घराच्या कोपऱ्यात लांडगा दिसायला लागला. गेणू शीळ घालून कुत्र्यांना बोलवत होता. कुत्री कधीच मरून गेलेली. वस्तीवर बोभाटा झाला की गेणूच्या अंगात बिरोबा आला. पुजारी कोंडिबानं नारळ फोडला. शेजारची अनसूया पाया पडली आणि पोरीचं लग्न कधी जमंल म्हणून विचारू लागली. गेणू दाराकडं बोट दाखवून म्हणाला, "आला, आला, दारात आला." अनसूया खूश होऊन घरी गेली.

मग गेणूला झटका आला. पडला, जीभ चावली. देवाला स्वतःची जीभ चावायचं काय कारण, हे कुणी विचारलं नाही. शुद्धीवर आल्यावर कुणीतरी कनवाळूपणानं दोन घोट पाजले. थरथर थांबली आणि भंडारा मोडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोरगा सूरज याचं बोट पिरंगुटच्या कंपनीत प्रेस मशिनखाली गेलं. कोंडिबानं लगेच निकाल दिला, "बाप चुकला, पोरानं भोगलं." ते सगळ्यांना पटलं. तुकाबाईलाही.

या खेपेला सूरजनंच बापाला दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की एवढी वर्षं रोज पिणाऱ्यानं घरी एकाएकी बंद केली की झटके येतात, भास होतात, जीवही जातो. म्हणून इथं ठेवून घ्यायचं, गोळ्या देऊन शरीर सावरायचं आणि गोळ्या हळूहळू कमी करत न्यायच्या. गेणूनं मान डोलावली. फक्त येताना त्यानं देवळाशी रिक्षा थांबवून पुन्हा भंडारा उचलला होता, हे कुणाला महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेणूची थरथर कमी व्हायची ती वाढली. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली.

"ह्यानं गुंगी येती का?" गेणूनं विचारलं.

"नाही बाबा, हे जीवनसत्त्वाचं आहे."

गेणूनं दंड पुढं केला.

"आन ही गोळी?"

"हिनं येईल थोडी. झोप लागेल."

गेणूनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्याला. अगदी शहाण्यासारखा. तुकाबाईला तिथंच संशय आला, कारण गेणू शहाण्यासारखा वागल्याची तिला आठवण नव्हती. तिनं त्याच्या डाव्या गालाकडं पाहिलं. मेंढराला औषध चारलं की ते अस्संच करतं. गिळल्यागत दाखवतं, गालात धरतं आणि पाठ वळली की थुंकतं.

"जीभ वर करा."

"कशापायी?"

"करा म्हंते न्हवं."

गोळी निघाली. उशाला ठेवलेलं मुंडासं तिनं झटकलं, तर त्याच्या घडीतून आणखी निघाल्या.

"बियाण्याला ठिवल्यात व्हय?"

"भंडारा उचललाय मी," गेणू म्हणाला. "नशा येईल असं काय बी अंगात जाऊ देणार न्हाई. ही पोरगी तोंडानं सांगती, गुंगी येती म्हणून."

सिस्टरनं डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या हसल्या नाहीत.

"बाबा, हे औषध आहे."

"दुकानवाला बी हेच म्हणायचा, मॅडम. थंडीचं औषध."

"मी जबरदस्ती नाही करणार. पण आत्ता गोळी पोटात गेली नाही, तर पुन्हा झटका येईल. या वेळी वाचालच असा शब्द मी देऊ शकत नाही."

गेणूनं आपल्या उडणाऱ्या बोटांकडं बघितलं. "एकदा मोडला तर पोराचं बोट गेलं. आता काय त्याचा हात द्यायचा व्हय?"

त्या बोटासाठी तुकाबाईही दर रविवारी उपाशी राहत होती.

पहिली पाळी संपवून सूरज आला तेव्हा तिनं त्याला व्हरांड्यातच सगळं सांगितलं. सूरज आत गेला आणि बापाच्या पलंगावर टेकला.

"आबा, त्या मशिनला सेन्सर असतो. हात आत असला की प्रेस खाली येत न्हाई. माल भराभरा निघावा म्हणून तो बंद केला व्हता. मीच केला व्हता."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी समद्यांनी देवावर घातलं व्हतं. देव काय तक्रार करत न्हवता."

निर्दोष सुटलेल्या माणसाला आनंद होतो म्हणतात. गेणूच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. इतके दिवस वाहिलेलं ओझं दुसऱ्याचंच निघाल्यावर माणूस दमतो, तसा तो दमलेला दिसला.

"तरी बी, मोडला तो मोडलाच की."

"तो मोडला. त्याचं तुमी आन देव बघून घ्या. पर जित्तं राहून बघा."

सूरजनं तळहात पुढं केला. चार बोटं, पाचव्याच्या जागी थोटूक, आणि मधोमध सिस्टरनं दिलेली गोळी. गेणूनं गोळीकडं न बघता थोटकाकडंच बघितलं. मग उचलली आणि गिळली.

"जीभ वर," तुकाबाई म्हणाली. तिनं बोट घालून दोन्ही गाल चाचपले. गोळी नव्हती.

"साधारण आठवड्यात शरीर सावरेल, मावशी," पुन्हा बघायला आलेल्या डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या. "खरं काम त्यापुढं. दारूशिवाय राहायला शिकायचं."

"म्हंजी अजून सुरूच न्हाई झालं?"

"ही सुरुवात."

तुकाबाई हसली. निदान सिस्टरला तरी ते हसू वाटलं.

गेणूचे डोळे मिटायला लागले होते. "तुके, लांडगा दिसला तर हाक मारीन."

"मारा. हितंच हाय."

तिनं स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि बसली. तिला उठवणारा एकच माणूस होता, आणि तो आता घोरत होता.